मालमोटारीच्या इंजिनाचा भरवसा : ‘६९२’ आणि ‘६९७’ यांच्या निमित्ताने

हिंजवडी हे नाव आज उच्चारले की संगणकव्यवसायाच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाचे बगाड ओढणाऱ्या या गावाची ही दुसरी ओळख गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलीच आहे. या इमारतींपैकी काहींत वाहनांच्या यांत्रिक रचनेचे काम चालते. टाटा टेक्नॉलॉजीजसारखी कंपनी येथेच आहे. यंत्राचा भाग लोखंडात उतरण्यापूर्वी तो पडद्यावर तापवून, ताणून, कंप पाववून पाहण्याची सोय आता झालेली आहे. या इमारतींपासून थोड्या अंतरावर पुण्याबाहेरून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो आणि त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांतील जुन्या गाड्यांच्या इंजिनांची रचना मात्र कागदावर, फळ्यावर व कारखान्याच्या चाचणीमंचावर झालेली होती. प्रस्तुत लेखाचा विषय हीच जुनी इंजिने आहेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात हात घालावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. त्याचा खुलासा असा की कारखानदारीतील मराठी शब्दांचा संग्रह करीत असता प्रस्तुत लेखकास निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात पुष्कळदा जावे लागले. तेथे शब्दांमागून वस्तू व वस्तूंमागून इतिहास असा शोध वाढत गेला.

प्रश्न साधा आहे. मालमोटारीचे एखादे इंजिन भरवशाचे ठरते आणि दुसरे ठरत नाही, ते कशामुळे? आपल्याकडे याची दोन उत्तरे ऐकू येतात. मूळ रचना जर्मन होती, म्हणून इंजिन टिकले, असे एक उत्तर आहे. आपल्या माणसांनी ते संपूर्ण स्वदेशी केले, म्हणून ते आपल्या रस्त्यांवर टिकले, असे दुसरे आहे. दोन्ही उत्तरे अभिमानाच्या पोटी जन्मलेली आहेत आणि दोन्ही पुराव्यापुढे अपुरी पडतात, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ग्रंथांत ‘विश्वसनीयता’ आणि ‘कार्यक्षमता’ असे शब्द येतात. चालकाच्या बोलण्यात यांपैकी एकही येत नाही. तो म्हणतो, ‘गाडी रस्त्यात उभी करीत नाही’, किंवा ‘ह्या इंजिनाने कधी दगा दिला नाही’. विश्वसनीयता हा गुण येथे नकाराने सांगितला जातो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तो गुण असतो तोवर दिसत नाही. कार्यक्षमतेसाठी मात्र होकारार्थी आणि आकड्यातला शब्द आहे, तो म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज’. ‘पाच देते’ एवढेच वाक्य पुरते. एका लिटर डिझेलमध्ये पाच किलोमीटर, हा त्याचा अर्थ उभय पक्षी गृहीत असतो. इंग्रजीत सरासरी असा अर्थ असलेला शब्द मराठीत इंधनाच्या काटकसरीचा वाचक झाला, हे अर्थसंकोचाचे उत्तम उदाहरण आहे. बिघाडाचे शब्द तर शरीरावरूनच घेतलेले दिसतात. इंजिन ‘ऑइल खाते’, ‘धूर मारते’, चढावर ‘दम सोडते’. शालेय पुस्तकांतील ‘दट्ट्या’ आणि ‘झडप’ हे शब्द गॅरेजपर्यंत पोहोचले नाहीत. तेथे ‘पिस्टन’ आणि ‘वॉल’ हेच चालतात. ‘मालमोटार’ हा शब्ददेखील आता आमच्यासारख्यांच्या लेखनातच उरला आहे.

महाराष्ट्रात इंजिन हा शब्द ट्रकच्या आधी विहिरीवर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, ती नांगरांसाठी. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात एकोणीसशे तीसच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली आणि १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. खेड्यापाड्यांत ‘इंजिन’ म्हटले की आजही पुष्कळांस विहिरीच्या काठावरचे, एका सिलिंडरचे, ठक्‌ठक्‌ आवाज करणारे ते यंत्र आठवते. त्या इंजिनाचे आयुष्य तसे सरळ असते. एकाच गतीने, जवळजवळ एकाच भाराखाली, जागेवर बसून ते काम करते. मालमोटारीच्या इंजिनाचे तसे नाही. खोपोलीहून खंडाळ्याचा बोरघाट चढताना ते खालच्या गिअरमध्ये पूर्ण भार ओढते. वाहनाची गती तेव्हा एवढी मंद असते की रेडिएटरवर वारा पुरेसा येत नाही. उतारावर तेच इंजिन चाकांकडून फिरविले जाते. जकातनाक्यांच्या काळात ते तासन्‌तास नुसते धडधडत उभे असे. एकाच यंत्राने इतक्या परस्परविरुद्ध अवस्था सोसावयाच्या असतात, आणि ट्रकच्या इंजिनाची रचना ही मुळातच तडजोडीची कला आहे.

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या सामान्य वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. तथापि ते यंत्र इतके अवजड होते की त्यास ट्रकमध्ये बसविण्यास आणखी पाव शतक लागले. बेन्झ व मान या जर्मन कंपन्यांनी १९२३-२४ च्या सुमारास डिझेलवर चालणारे ट्रक तयार केले आणि बॉशने १९२७ साली इंधनाचा पंप मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. हा पंप आल्यावाचून डिझेलचा ट्रक सर्वसामान्य झालाच नसता. पंपातील प्लंजर व बॅरल यांच्यामधील फट दोन-तीन सहस्रांश मिलिमीटर एवढीच असते. ठराविक क्षणी, ठराविक मापाचे, थेंबाएवढे इंधन प्रत्येक सिलिंडरला पोहोचविणे हे काम त्या फटीवर अवलंबून असते. भारतात १९५१ साली बंगळुरास मायको ही कंपनी निघाली. पुढे नाशिकच्या सातपूर येथे तिचा नोझलचा कारखाना झाला. ‘पंपवाला’ हा स्वतंत्र कारागीर आपल्याकडे तेव्हापासून दिसू लागतो. इंजिनाचा मिस्त्री पंपाला हात लावीत नाही, ही शिस्त गॅरेजात अजूनही पाळली जाते.

आता मूळ विषयाकडे वळू. टेल्को आणि डाइम्लर-बेन्झ यांचा करार १९५४ साली झाला व त्याच वर्षी जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक तयार होऊ लागले. त्या ट्रकांत ओएम ३१२ हे इंजिन होते. ते मर्सिडीजने १९४९ साली काढलेले असून त्यास सहा सिलिंडर होते. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे ४.६ लिटर, आणि शक्ती मिनिटाला २८०० फेऱ्यांवर ९० अश्वशक्ती. या इंजिनात इंधन सरळ सिलिंडरमध्ये न उडविता वरच्या एका लहान पूर्वकक्षात उडविले जाई. तेथे ते अंशतः पेट घेई आणि बारीक छिद्रांतून मुख्य सिलिंडरमध्ये झेपावे. हवा व इंधन यांचे मिश्रण ही झेप घडवून आणीत असल्यामुळे इंधनाची फवारणी फार बारीक असण्याची गरज नसे. इंधनाचा दाब बेताचा, नोझलचे छिद्र एकच व मोठे, आणि डिझेल थोडेफार कमी प्रतीचे असले तरी चाले. आडगावी पिंपांतून, हातपंपाने, फडक्यातून गाळून डिझेल भरणाऱ्या त्या दशकात हा गुण फार मोलाचा होता.

परंतु हीच रचना काटकसरीच्या आड येई. पूर्वकक्षाच्या भिंतींमुळे उष्णता शोषणारे क्षेत्र वाढते आणि छिद्रांतून वायू रेटण्यात काही शक्ती खर्ची पडते. सरळ सिलिंडरमध्ये इंधन उडविणारे इंजिन, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, त्याच कामाला साधारणतः दहा ते पंधरा टक्के कमी इंधन घेते. शिवाय थंडीत पूर्वकक्षाचे इंजिन तापत्या प्लगाच्या साह्यावाचून चटकन सुरू होत नाही. याच काळात मद्रासकडील अशोक लेलँडच्या गाड्यांत ब्रिटिश पद्धतीची डायरेक्ट इंजेक्शनची इंजिने होती. म्हणजे काटकसर कशाने साधते हे कोणास ठाऊक नव्हते, असे नव्हे. निवड जाणीवपूर्वक होती. इंधन स्वस्त असता आणि ते शुद्ध मिळण्याची शाश्वती नसता सहनशील इंजिन निवडणे हा शहाणपणाचाच मार्ग म्हणावा लागेल. १९७३ साली तेलाचे भाव एकाएकी वाढले आणि गणित बदलले.

करार १९६९ साली संपला व ट्रकच्या तोंडावरील तीन पाकळ्यांचा तारा जाऊन तेथे ‘टी’ आला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६६ साली, पुण्यात दोन संस्था उदयास आल्या. टेल्कोचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र ही एक, आणि वेताळ टेकडीच्या अंगावर वसलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही दुसरी. टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मुळगावकर यांनी पिंपरी-चिंचवडच्या माळावर आधी वाहनांचा नव्हे, तर यंत्रे करणाऱ्या यंत्रांचा व कारागिरांच्या प्रशिक्षणाचा विभाग उभारला. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. ही दिरंगाई होती असे कोणी म्हणेल, पण आमच्या समजुतीप्रमाणे इंजिनाच्या भरवशाचे बीज याच अकरा वर्षांत आहे. कारण रचना कागदावर कितीही उत्तम असली तरी बोअरची गोलाई, क्रँकच्या जर्नलची घासाई व हेडची सपाटी यांत शतांश मिलिमीटरचा फरक पडला की इंजिनाचे आयुष्य अर्ध्यावर येते. याच सुमारास मुंढव्याला नीळकंठराव कल्याणींचा भारत फोर्ज कारखाना सुरू होऊन तेथे क्रँकशाफ्टचे घडकाम होऊ लागले. क्रँक तुटते ती सहसा एका धक्क्याने तुटत नाही. जर्नल व बाजूची भिंत जेथे मिळतात तेथल्या वळणाच्या त्रिज्येत सूक्ष्म भेग पडते आणि लक्षावधी फेऱ्यांनंतर ती पलीकडे जाते. घडाईत धातूचे तंतू त्या वळणाबरोबर वळविले जातात, म्हणून घडीव क्रँक अधिक सोसते.

यानंतरच्या काळातील टाटांची दोन इंजिने चालकांच्या तोंडी बसली, ‘सहाशे ब्याण्णव’ आणि ‘सहाशे सत्त्याण्णव’. या आकड्यांचा अर्थ विचारला असता पुष्कळ शिकलेली माणसे गोंधळतात, पण मिस्त्री क्षणात सांगतो. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढील दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे तेच इंजिन ४९७ झाले. अशोक लेलँडच्या ‘३७०’ मध्ये मात्र आकडा घन इंचांतील घनफळाचा आहे. दोन नामपद्धतींतील हा भेद केवळ भाषिक नाही. घनफळ हा खरेदीदाराला सांगावयाचा आकडा आहे, तर बोअर हा पिस्टन व रिंगा मागविणाऱ्याला लागणारा आकडा आहे. ६९७ या नावात दुरुस्ती करणारा माणूस गृहीत धरलेला दिसतो, मग तो कोणी हेतुतः धरलेला असो वा नसो.

या आकड्यांतूनच इतिहासाचा एक पुरावा हाती येतो. ६९२ चा स्ट्रोक १२० मिलिमीटर आहे, म्हणजे १९४९ च्या ओएम ३१२ इतकाच. बोअर तेवढा दोन मिलिमीटरांनी वाढला आणि घनफळ ४७८८ घनसेंटिमीटर झाले. स्ट्रोक कायम ठेवून बोअर वाढविणे हा कोणत्याही कारखान्यास सर्वांत स्वस्त मार्ग असतो, कारण क्रँकची घडाई व ब्लॉकची उंची बदलावी लागत नाही. ६९७ ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याची मापे ९७ गुणिले १२८, घनफळ ५६७५ घनसेंटिमीटर. मर्सिडीजचे ओएम ३५२ हे डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन १९६० नंतरच्या दशकातले. त्याची मापे नेमकी हीच आहेत. करार संपल्यानंतरही मापे जर्मन परंपरेतली राहिली, हे यावरून स्पष्ट होते, आणि ‘संपूर्ण स्वदेशी’ हे विधान त्या अर्थाने टिकत नाही. तथापि मापे म्हणजे इंजिन नव्हे. बोअर व स्ट्रोक सारखे असलेल्या दोन इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावरील खळग्याचा आकार, नोझलच्या छिद्रांची संख्या व कोन, हवेला दिलेला भोवरा, लायनरचे ओतीव लोखंड, तेलाच्या वाटा या सर्वच गोष्टी भिन्न असू शकतात आणि कार्यक्षमता व भरवसा हे दोन्ही गुण प्रायः याच गोष्टींवर ठरतात. ‘मूळ जर्मन म्हणून टिकले’ हे विधानही म्हणून अपुरेच. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे त्याचा आजचा अर्थ सांगितला असे होत नाही, हे आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षीच शिकवितात.

मग टिकण्याचे कारण काय? थोडे गणित करून पाहावे. पिस्टनची सरासरी गती ही स्ट्रोकच्या दुपटीस दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले असता मिळते. ओएम ३१२ मध्ये २८०० फेऱ्यांवर ती सेकंदास ११.२ मीटर येते. १६१३ या ट्रकमधील टर्बोचार्जर बसविलेले ६९७ सुमारे १३० अश्वशक्ती २४०० फेऱ्यांवर देत असे. तेथे ही गती १०.२ मीटर एवढीच भरते. (१६१३ म्हणजे सोळा टन व एकशेतीस अश्वशक्ती. ट्रकला नाव देण्याची ही पद्धत मर्सिडीजचीच.) म्हणजे शक्ती वाढली आणि पिस्टनची धावपळ कमी झाली. पिस्टन, रिंग व लायनर यांची झीज, तसेच कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण, हे गतीबरोबर झपाट्याने वाढतात. सबब हा फरक लहान नाही. लिटरमागे शक्ती पाहिली तर ओएम ३१२ मध्ये ती साधारण वीस आणि ६९७ मध्ये तेवीस अश्वशक्ती पडते. आजच्या ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनातून तीनशे अश्वशक्तीपर्यंत काढतात, म्हणजे लिटरमागे पंचेचाळीस. जुन्या इंजिनाकडून त्याच्या ताकदीच्या मानाने थोडेच मागितले जात होते. ही राखून ठेवलेली ताकद कागदावर वाया गेलेली दिसते. पण ठरलेल्या वजनाच्या दीडपट माल भरून घाट चढणाऱ्या गाडीस तीच उपयोगी पडत असे. अधिक भार भरणे बेकायदा होते आणि ते रस्त्यास व माणसांस घातक होते यांत संशय नाही. परंतु इंजिनाचा इतिहास लिहिताना ते घडत होते ही गोष्ट वगळता येणार नाही.

टर्बोचार्जरविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. तो केवळ शक्ती वाढविण्याचे साधन नव्हे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंच्या जोरावर तो अधिक हवा आत कोंबतो, त्यामुळे इंधन पुरते जळते, धूर कमी होतो आणि तेच काम कमी फेऱ्यांत करता येते. जुन्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येई, एक तृतीयांश पाण्यावाटे व उरलेली धुराड्यावाटे जाई. हा तिसरा वाटा अंशतः परत मिळविण्याचा हा मार्ग आहे. पण त्याचीही एक किंमत आहे. टर्बोची धुरा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते व तेलाच्या पातळ थरावर तरंगते. गाडी घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले तर तेल थांबते आणि धुरा तापलेली राहते. ‘दोन मिनिटं चालू ठेवा’ हा नियम ज्या चालकांनी पाळला नाही, त्यांच्या दृष्टीने टर्बोचे इंजिन बेभरवशाचे ठरले. रचना तीच आणि निर्णय दोन. भरवसा हा इंजिनाचा गुण नसून इंजिन, चालक, मिस्त्री व मालक यांच्यातील व्यवहाराचा गुण आहे, असे म्हणण्यास आम्हांस यावरून आधार मिळतो.

धुळीची गोष्टही अशीच. आपल्या रस्त्यांवर इंजिनाचा खरा शत्रू भार नसून धूळ आहे. वाळूचा कण रिंग व लायनर यांच्यामध्ये सापडला की तो दोन्हींस घासतो. बोअर ‘लंबगोल’ होतो, तेल वर चढते, आणि गाडी ‘ऑइल खाऊ’ लागते. जुन्या ट्रकांत तेलाच्या वाटीचा हवागाळा असे. हवा तेलावर आपटून वर वळे आणि धूळ तळाशी बसे. त्याला नवा भाग लागत नसे. वाटी धुवावी, तेल बदलावे, झाले. कागदी गाळा अधिक बारीक धूळ अडवितो, पण तो वेळेवर बदलावा लागतो. नाही बदलला तर हवा अडते, धूर वाढतो आणि ‘अ‍ॅव्हरेज’ उतरते. ट्रान्सपोर्टनगरातील एका वृद्ध मिस्त्रींनी या दोहोंतील भेद एका वाक्यात सांगितला : ‘पहिल्याला हात लागायचे साहेब, दुसऱ्याला पैसे लागतात.’

पुण्यातील दुसऱ्या एका परंपरेचा येथे केवळ उल्लेख करतो. कोथरूड येथे १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स कंपनी स्थापन झाली. तिची इंजिने मोठी, मुख्यतः बांधकामाची यंत्रे व जनित्रे यांसाठीची होती. तेथील इंधनपद्धती बॉशच्या पद्धतीहून निराळी होती आणि तिची परिभाषाही निराळी. १९९३ साली टाटा व कमिन्स एकत्र येऊन जमशेदपुरास नवा कारखाना निघाला, तेव्हापासून ट्रकच्या जगात या दोन परिभाषा मिसळू लागल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

धुराचे नियम आल्यावर जुन्या रचनेचे दिवस भरत आले. २००० सालापासून क्रमाक्रमाने कडक होत गेलेली मानके एप्रिल २०२० मध्ये ‘भारत स्टेज सहा’ पर्यंत पोहोचली. आता इंधनाचा दाब शेकड्यांत नव्हे, तर सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत असतो, फवारणीचा क्षण संगणक ठरवितो आणि धुराड्यात युरियाचे द्रावण सोडून नायट्रोजनची ऑक्साइडे मोडली जातात. उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कामी येतो. डिझेलच्या १८९७ च्या आकड्याशी ताडून पाहिले तर सव्वाशे वर्षांतील प्रगती ध्यानात येते. नव्या इंजिनांची भलामण करताना शहरातील हवा विसरता कामा नये, तशीच जुन्यांची करतानाही नये. पण पुराव्याचा प्रश्न निराळा आहे. २०२१ सालच्या धोरणानुसार जुनी वाहने मोडीत काढण्याचा मार्ग मोकळा झाला. ६९२ ची इंजिने भंगारात वितळली म्हणजे कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, हे सांगणारे लोखंडही वितळते. त्यांचे दुरुस्तीचे तक्ते, सुट्या भागांच्या याद्या, गॅरेजांतील वह्या यांचा संग्रह आमच्या माहितीतल्या कोणत्याही विद्यापीठ-ग्रंथालयात नाही. या वह्यांत कधी कधी एकाच इंजिनाच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी सापडतात : बोअर केव्हा वाढविला, कितव्या मापाचे पिस्टन बसविले, गाडी तेव्हा किती देत होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास प्रबंधाचा विषय हवा असल्यास तो तेथे पडून आहे, आणि तो फार वर्षे पडून राहणार नाही.

मध्यंतरी निगडीस गेलो असता एका गॅरेजात नवी गाडी उभी होती. तिला काय झाले आहे असे विचारता मुलगा म्हणाला, ‘कोड आलाय.’ त्याच्या हातात पाना नव्हता, तारेने जोडलेला लहान पडदा होता. शेजारी खाली उतरवून ठेवलेल्या ६९७ चे हेड त्याचे वडील घाशीत होते. त्यांना तोच प्रश्न केला, तेव्हा ते म्हणाले, ‘काही नाही, दम सोडत होती.’